राणीचं वाक्य

आमची गादी गेली तेव्हा मी आईच्या पोटात होते. परमुलखात वाढले, गादीवर हक्क सांगते, पण आमच्याच राज्याची भाषा येत नाही. आईने त्या भाषेतलं एकच वाक्य घोकवून घेतलंय: ‘तुमचं बोलणं ऐकून आनंद झाला.’ आज तिकडून एक म्हातारा आला. आईने मला एकुलत्या धड खुर्चीवर बसवलं. तो बराच वेळ बोलला. मग सैनिकाच्या कोटाचं पितळी बटण माझ्या हातात ठेवलं. त्यावर आमचं राजचिन्ह होतं. मी हसले, वाक्य म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग वाकून निघून गेला. “काय म्हणत होता गं?” “धाकटा मुलगाही गेला त्याचा, आपल्यासाठी लढताना. तू हसलीस मात्र अगदी राणीसारखी!” जिन्यावर पावलं अजून वाजत होती. धावले असते तर गाठलं असतं. पण बोलणार काय? मला तेवढं एकच वाक्य येतं.