चकचकीत टाकी

ईस्टरआधी घराला आशीर्वाद द्यायला फादर येणार म्हणून माझ्या बायकोने, नुंझियाने, इटलीतल्या तारांतो बंदराजवळचं आमचं घर घासून काढलं आणि त्याच सपाट्यात माझी समुद्रघोड्यांची टाकीही. काचेवरचं महिनोन्महिने जपलेलं शेवाळ बेसिनमध्ये गेलं. "अगं, शेवाळातले जिवंत किडेच खातात ते," मी कपाळाला हात लावला. "गोठवलेल्या कोळंबीकडे ढुंकूनही बघत नाहीत." "फादरसमोर ती घाण ठेवू?" ती फणकारली. "लोक काय म्हणतील, नुंझियाच्या घरात शेवाळ?" दोन्ही समुद्रघोडे टाकीतल्या एकाच दोरीला शेपट्या गुंडाळून चकचकीत काचेवर काहीतरी शोधत राहिले. अखेर फादर आले. लिफ्ट बंद होती. धापा टाकत ते उंबऱ्यातूनच पवित्र पाण्याचे चार थेंब शिंपडून निघून गेले. नुंझिया टाकीसमोर उभी राहिली. मग पायातले ठेवणीतले बूट काढून तिने बादली उचलली. "चल बंदरावर. घाण कुठे मिळते ते दाखव."