दहा पावलं

"पाय इकडे," मामा म्हणाले, आणि चिमीने मागचा डावा पाय गजांपाशी आणला.

चिमी म्हणजे सतरा वर्षांची वाघीण. या वयात तिला भूल देणं म्हणजे विषाची परीक्षा. म्हणून तिची देखभाल करणाऱ्या मामांनी सहा महिने खपून तिला गजांलगत आडवं पडायला आणि पाय न हलवता थांबायला शिकवलं होतं. यंत्र वाजलं, मामांनी चिमट्याने मांसाचा तुकडा आत सरकवला. एक्स-रे निघाला.

डॉक्टरबाईंनी वाघसिंहांचे शंभरेक सांधे असे पाहिले होते. हा मात्र पाहवेना. गुडघ्यात हाडावर हाड घासत होतं.

"चढताना नाही एवढं कळत," उलट्या बादलीवर बसलेले मामा पडद्याकडे बघत म्हणाले. "ओट्यावरून उतरताना जीव जातो."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"अंदाज."

प्राणिसंग्रहालयाचा नियम सरळ होता. म्हातारं जनावर लंगडायला लागलं की त्याचे हाल करायचे नाहीत, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं. चित्र कितीही वाईट असो, शेवटचा शब्द चालीचा. दहा पावलं जाताना, दहा येताना. ते इंजेक्शन सकाळपासून बाईंच्या बॅगेत होतं आणि त्या कप्प्यात हात घालायचं त्या टाळत होत्या.

"चालवा तिला," त्या म्हणाल्या.

मामांनी बसल्या जागेवरून जिभेने टकटक केलं. चिमी उठली. दहा पावलं गेली, वळली, दहा पावलं आली. नवी चप्पल घातलेल्या पोरीसारखी, ऐटीत. मामांनी तिला चांगला मोठा तुकडा दिला.

"सांधा असा आणि चाल अशी," बाई म्हणाल्या. "माझ्या अभ्यासाला हिने ठेंगाच दाखवला."

"वाघाची जात, बाई. काटकच असायची."

बाईंना मनापासून बरं वाटलं. 'चालण्यात दोष नाही' असं लिहून त्यांनी सही ठोकली. कार्यालयाने त्यांच्याकडे दिलेला दुसरा एक कागद त्याखाली होता.

"मामा, पुढच्या आठवड्यात कर्मचाऱ्यांची तपासणी आहे. यादीत तुमचंही नाव आहे. जो धडधाकट नसेल त्याला घरी बसवणार म्हणे."

"येतो की. मला काय धाड भरलीय?"

"फाटकापर्यंत चलता?"

"तुम्ही व्हा पुढे. हिचं पाणी बदलायचंय."

गाडीशी पोचल्यावर बाईंना आठवलं, एक्स-रे काढताना घालायचा शिशाचा जड एप्रन आतच राहिला. वेंधळेपणाला काय म्हणावं, असं स्वतःशीच म्हणत त्या परत फिरल्या. त्यांच्या रबरी बुटांचा आवाज होत नव्हता. दार अर्धवट उघडं होतं.

आत मामा बादलीवरून उठत होते. एका हाताने गज धरलेला, दुसरा हात डाव्या गुडघ्यावर. उठायला त्यांना बराच वेळ लागला.

"गेल्या एकदाच्या," ते चिमीला म्हणाले. "आता लंगड खुशाल."

आणि गजांच्या आतून ती, बाहेरून ते, दोघंही डावा पाय ओढत पाण्याच्या हौदाकडे निघाले.