उसना आवाज

परकं सैन्य देशात घुसून चार महिने झाले होते. ती सरकारी माहितीपटांना आवाज द्यायची. त्या दिवशी स्टुडिओच्या पडद्यावर, पडक्या घरासमोर उभी असलेली एक बाई हात जोडून सांगत होती, "माझा थोरला गेला. धाकट्याला तरी नेऊ नका हो."

"हे काढायचं," दिग्दर्शक म्हणाला. "तिच्या ओठांवर बसवा, 'थोरला गेला, आता धाकट्यालाही धाडते.'"

"अहो, ती बिचारी म्हणतेय काय आणि आपण..."

"ताई, लढाई चालू आहे. आणि आवाजात तो कंप आलाय ना, तो तसाच राहू द्या. छान वाटतोय."

तिसऱ्या टेकला वाक्य असं काही जमलं, की ध्वनिमुद्रकानेही डोळे पुसले. माहितीपट गावोगाव गाजला आणि भरतीच्या रांगा वाढल्या.

पंधरा दिवसांनी तिचा एकुलता एक मुलगा भरतीचा कागद घेऊन घरी आला. तिने तो त्याच्या हातातून ओढून घेतला.

"मला एका शब्दाने विचारलं नाहीस रे?"



"पडद्यावर बाई दुसरीच होती, आई, पण आवाज तुझा होता. मला वाटलं, तू मलाच सांगतेयस."