गुलाबी औषध

आमचा तालुका नव्या जिल्ह्यात गेला, तरी गावच्या सरकारी दवाखान्यातलं खोकल्याचं गुलाबी औषध काही बंद पडलं नाही. आपापली बाटली न्यायची आणि नरसिंग कंपाउंडरनं ती गळ्यापर्यंत भरून द्यायची. "लई गुणाचं हाय बघा," असं सरजाबाई ज्याला त्याला सांगायची. मुखेडला दिलेल्या लेकीलाही ती एस.टी.नं एक बाटली धाडायची. दीड वर्षात सरजाबाईचा खोकला हटला नव्हता, पण विश्वासही हटला नव्हता.

त्या दुष्काळी चैत्रात मात्र दवाखान्याच्या दारावर पाटी लागली, 'औषधाचा तुटवडा आहे. बाटल्या आणू नयेत.' सरजाबाई रिकामी बाटली घेऊन पायरीवरच खोकत बसली. नेमके त्याच दिवशी नव्या जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले.

"साहेब, माजं औषध तेवढं द्याय सांगा," ती म्हणाली.

साहेबांनी आत जाऊन आधी प्यायला पाणी मागितलं. ते नव्हतं, म्हणून साठ्याची वही मागितली. वही बघून ते चक्रावले.

"कंपाउंडर, जुन्या जिल्ह्यानं औषध पाठवणं बंद केलं, नव्यानं अजून सुरूच केलं नाही. दीड वर्षात इथं एक थेंब आलेला नाही. मग तुटवडा आजच कसा?"

नरसिंगनं मान खाली घातली.



"रंगाचा डबा भरलेला हाय, साहेब. टँकरच आला न्हाई."