केसरबाईचं पांढरं बी

लग्नात काटोलहून आणलेलं पांढऱ्या मक्याचं बी केसरबाईनं चाळीस वर्षं दर साली पेरून, चुलीवरच्या धुरात टांगून जपलं होतं. धाकटी सून सरला छिंदवाड्याचं पिवळं बी घेऊन सौंसरला आली अन् परसात पांढऱ्याच्या शेजारीच पेरून मोकळी झाली. केसरबाईनं मधोमध बोराटीचं कुंपण घातलं, त्यावर जुनं लुगडं ताणलं. तरी भादव्यात कणसं सोलली, तर पांढऱ्यात पिवळे दाणे.

"माह्या वाफ्यात शिरली होती काय तू?"

"मी नाही, आत्याबाई. वारा शिरला."

"वाऱ्यालेही तुह्याच माहेरचं वळण लागलं म्हनायचं."

निर्भेळ बी आता माहेरीच मिळणार होतं. छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांची नवी वाटणी झाली; काटोल मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. गाव सरहद्दीचं बोलत बसलं अन् केसरबाई बियाण्यासाठी मोटारीत बसली.

भाऊ पुंडलिकरावानं कणसं पुढ्यात ठेवली. प्रत्येकात पाच-सहा पिवळे दाणे.

"माह्या बापाचं बी कोनं बाटवलं?"

"तूच, बाई. सासरचं पिवळं बी घरात नको, अन् फेकवतही नाही, म्हणून लग्नाच्या साली पोतंभर इकडं नाही का धाडलं?"

केसरबाईनं चार कणसं पिशवीत टाकली, घरी येऊन चुलीवर टांगली. सरला वर त्या पिवळ्या दाण्यांकडं पाहत राहिली.

"पाहून काय राहिली? अस्सल माहेरचं बी हाय. अन् ते कुंपण काढून टाक, लुगडं फुकट फाटून राहिलं."