रडण्याचा दिवा

दिव्यांची पट्टी पेटेना. सासऱ्यांनी कॅबिनेटची काच काढली, टेस्टर लावून पाहिला, पुन्हा बटण दाबलं. काही नाही.

"वीज तर येतेय," सुनेकडे तोंड करून, ओठ नीट हलवत ते म्हणाले. "मग ही बया रुसली कशाला?"

सुनेला ऐकू येत नसे. उद्यापासून ती ऑफिसचं काम घरून पुन्हा सुरू करणार होती, आणि सात महिन्यांची लेक शेजारच्या खोलीत पाळण्यात. ती रडली तर कळणार कसं? सासऱ्यांनी तोड काढली होती. पाळण्याला माइक, तिथून भिंतीच्या कडेने वायर, आणि तिच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनशेजारी स्वतःच्या हाताने कापून जोडलेलं पारदर्शक कॅबिनेट, आत चारी कडांना एलईडीची पट्टी. पोर रडली की अख्खं कॅबिनेट लाल. हे जमलं नाही तर नोकरी सोडायची, असं सुनेने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिने पट्टी डोळ्यांपाशी नेली. तिच्यावर जागोजागी बारीक बाण छापलेले. वायर जोडली होती ती बाणाच्या टोकाकडून.

"बाबा, ही एकाच बाजूने चालते. शेपटाकडून जोडायची."

"दिव्याला कसलं आलंय शेपूट!" चाळीस वर्षं घरोघरी वायरिंग केलेला माणूस. बल्बला तारा कशाही जोडा, तो बिचारा पेटतो. मग त्यांनी चष्मा पुसला, बाण पाहिला आणि स्वतःचा कान पकडला.

दहा मिनिटांत वायर दुसऱ्या टोकाला सोल्डर झाली. आता फक्त पोर रडायला हवी होती. एरवी घर डोक्यावर घेणारी ती नेमकी आज कुंभकर्णासारखी झोपली होती.

"तू बस कामाच्या टेबलाशी," म्हणत सासरे आत गेले.

जरा वेळाने कॅबिनेट लालभडक झालं. सून खुर्ची ढकलून धावली. आत पोर ढिम्म झोपलेली, आणि पाळण्याशी मांडी घालून सासरेच माइकपुढे भोकाड पसरून बसलेले.

हसता हसता ती भिंतीला टेकली. सासरे ओशाळले. "तपासून बघायला नको?"

सात महिन्यांत ती इतकी निर्धास्त हसली नव्हती. हसू ओसरलं तसे डोळे भरून आले. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"उपकार म्हटलं तर रागवाल, म्हणून म्हणत नाही," ती म्हणाली. "आई गेल्या तेव्हा तुम्ही याच खोलीत दार लावून रडत होतात. मला नंतर यांनी सांगितलं. मी बाहेर टेबलाशी काम करत बसले होते, बाबा. आता मी धावत येईन."