चारचौघांत

"कुमुद आज पहाटे गेली," असं आबांनी घरच्या ग्रुपवर कळवलं, तेव्हा खाली नुसते जोडलेले हात येत राहिले. शब्द कुणीच लिहिला नाही.

वाढदिवस असो की बारसं, आबा प्रत्येकाच्या मेसेजखाली शुद्धलेखनाच्या चुका काढत. "अहो, चूक एकट्याला सांगावी. चारचौघांत कशाला शोभा करता?" कुमुद, त्यांची बायको, म्हणायची.

"शुद्धलेखनात कसली भीड?" आबा गुरकावत.

तेरावं उरकून माणसं पांगली. संध्याकाळी आबांनी मुद्दाम चुका ठेवून ग्रुपवर लिहिलं, "घर खायला ऊठतय." निदान दुरुस्त करायला तरी कुणी बोलेल.

पुतण्याच्या नावापुढे 'टाइप करतोय' दिसलं. आबांनी घाईघाईने चष्मा पुसला.

मग ते थांबलं, आणि जोडलेले हात आले.